नळाला करंट लागतो? जुन्या घरातलं अर्थिंग आणि बॉन्डिंग समजून घ्या

मेटल बॉडीचा फोन चार्जिंगला लावला की कधी कधी हलक्या झिणझिण्या येतात. चांगल्या टू-पिन चार्जरमधूनही असा अगदी थोडा करंट येतो, तो सहसा धोक्याचा नसतो. पण तशाच झिणझिण्या नळाला हात लावल्यावर आल्या, तर आधी मेन स्विच बंद करा. मी सॉफ्टवेअरवाला, वायरमन नाही. म्हणून वायर कशी जोडायची हे न सांगता, वायरमनला काय विचारायचं ते सांगतो.

करंट नळात येतो कसा?
मोटार किंवा गीझरमधली फेज वायर खराब होऊन बॉडीला टेकते. बॉडीला जीआय पाइप जोडलेला असतो, तो करंट थेट न्हाणीघरातल्या नळापर्यंत नेतो. त्यात हातपाय ओले असले की करंट शरीरातून सहज जातो.

रॉड ठोकला की काम झालं?
नाही. मेळघाटातल्या सेमाडोहचंच बघा. सातपुड्याची खडकाळ जमीन, रॉड खोल जाणं अवघड. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की तिचा रोध आणखी वाढतो. समजा अर्थचा रोध २० ओहम आहे. २३० व्होल्टला करंट जास्तीत जास्त २३० ÷ २० = ११.५ अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी एवढ्यावर पडतच नाही! म्हणजे अर्थिंग असूनही नळ 'जिवंत' राहू शकतो.

मग बॉन्डिंग म्हणजे काय?
घरातले सगळे लोखंडी पाइप जाड तांब्याच्या वायरने मुख्य अर्थ टर्मिनलला जोडायचे. मग गीझर आणि नळ एकाच व्होल्टेजवर राहतात, दोन्हींना एकदम हात लागला तरी झटका बसत नाही. एकाच तारेवर बसलेल्या पाखराला काही होत नाही, तसंच हे. पण पायाखालची ओली जमीन या जोडणीत नसते. म्हणून सोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, की ती क्षणात सप्लाय तोडते. वरच्या उदाहरणात एमसीबी गप्प बसली, तरी आरसीसीबी लगेच पडेल.

हा जुगाड करू नका
अर्थ नाही म्हणून काही जण सॉकेटची अर्थ पिन न्यूट्रललाच जोडतात. बाहेर न्यूट्रल तुटला, तर घरातल्या अशा प्रत्येक वस्तूच्या बॉडीवर २३० व्होल्ट येऊ शकतात.

वायरमनला हे विचारा
१. अर्थचा रोध मीटरने मोजला का? उन्हाळ्यात मोजलेला आकडा जास्त कामाचा.
२. पाइप घरात शिरतो तिथे हिरवी-पिवळी बॉन्डिंग वायर आहे का? मुख्य जोडणीला निदान ६ स्क्वेअर एमएम तांबं हवं.
३. जीआय लाइनमध्ये मधेच पीव्हीसीचा तुकडा टाकलाय का? असेल तर पुढचा लोखंडी भाग अर्थपासून तुटतो, तो वेगळा जोडावा लागतो.
४. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर ती पडते का?

अर्थिंगसाठी आपल्याकडे आयएस ३०४३ हे भारतीय मानक आहे. काम त्याप्रमाणे करा, असं वायरमनला स्पष्ट सांगा. आणि नळाला करंट लागत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत मोटार-गीझर बंदच ठेवा, घरच्या लहान पोरांनाही सांगून ठेवा.