1952 ची मतमोजणी आणि बाबासाहेब

भारतातील लोकसभा निकालाची परदेशातून वाट पाहताना आम्हां आंबेडकरी कुटुंबांना 1952 ची मतमोजणी आठवते. त्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या हत्ती या चिन्हावर उत्तर मुंबईतून राखीव जागेसाठी उभे होते. मतदारसंघ द्विसदस्यीय होता. प्रत्येक मतदाराला दोन मते आणि प्रत्येक उमेदवाराची मतपेटी स्वतंत्र होती. मोजणीअंती काँग्रेसच्या नारायण काजरोळकर यांना 1,38,137, तर बाबासाहेबांना 1,23,576 मते मिळाली. 14,561 मतांनी संविधानाचा शिल्पकार पराभूत झाला. बाद मतांविषयी त्यांनी कायदेशीर दाद मागितली. निकाल मात्र बदलला नाही.

हा केवळ एका व्यक्तीचा पराभव नव्हता. जागा राखीव असली, तरी संयुक्त मतदारसंघात तिचा प्रतिनिधी अखेर इतरांची मतेच ठरवतात, हा धोका बाबासाहेबांनी 1932 च्या पुणे करारापूर्वीच ओळखला होता. म्हणून आजही राखीव जागांचे आकडे येतात, तेव्हा आम्ही दोन प्रश्न विचारतो : कोण निवडून आले, आणि कोणाच्या मतांवर? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मतमोजणी देत नाही. ते समाजाच्या संघटनेतूनच घडवावे लागते.

जय भीम!