पहिले महायुद्ध : दरबारातले आणि खंदकातले

शालेय पुस्तकांत पहिल्या महायुद्धाचे कारण बहुधा एका वाक्यात सांगितलेले असते. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो शहरात गाव्रिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या सर्ब तरुणाने ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड व त्याची पत्नी सोफी यांचा खून केला आणि युरोप पेटला. हे वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. ठिणगी कोठेही पडते. वणवा लागतो तो वाळलेल्या गवतातच. तेव्हा गवत वाळले कसे आणि त्या आगीत होरपळले कोण, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारावयास हवेत.

गवत वाळावयास चार दशके लागली. १८७१ साली जर्मनीने फ्रान्सचा पराभव करून आल्सास आणि लोरेनचा बराचसा भाग हिरावून घेतला. तो घाव फ्रान्सच्या मनातून गेला नाही. पुढे जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी व इटली १८८२ साली एकत्र आले. १८९४ साली फ्रान्स व रशिया यांची मैत्री पक्की झाली. ब्रिटनने १९०४ साली फ्रान्सशी आणि १९०७ साली रशियाशी असलेले जुने तंटे मिटवले. करार करणाऱ्याला प्रत्येक करार संरक्षणाची भिंत वाटे. पलीकडच्याला तोच आपल्याभोवतीचा वेढा वाटे. १९०६ साली ब्रिटनने 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका समुद्रात आणली आणि ब्रिटन-जर्मनीतील आरमारी चढाओढ अधिकच तीव्र झाली. तिकडे बाल्कन प्रदेशात तुर्की सत्ता मागे हटत होती. १९०८ साली ऑस्ट्रियाने बोस्निया खालसा केला. १९१२-१३ च्या युद्धांत सर्बियाचा मुलूख जवळजवळ दुप्पट झाला. अनेक भाषांची आणि वंशांची प्रजा असलेल्या ऑस्ट्रियन साम्राज्याला शेजारचा हा उगवता राष्ट्रवाद जिवावरचे संकट वाटू लागला.

तरीही युद्ध अटळ नव्हते. खुनानंतर जवळजवळ महिनाभर तोफा शांत होत्या. परंतु जुलैच्या प्रारंभी जर्मनीने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा दिला. २३ जुलै रोजी ऑस्ट्रियाने सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांची मुदत देणारा निर्वाणीचा खलिता धाडला. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या, तरी २८ जुलै रोजी युद्ध पुकारले गेले. ३० जुलै रोजी रशियाने संपूर्ण सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम काढला. येथून पुढे राजनीती मागे पडली आणि आगगाड्यांची वेळापत्रके पुढे सरसावली. रशियाची अवाढव्य सेना सज्ज होण्यापूर्वीच बेल्जियममार्गे फ्रान्सचा काही आठवड्यांत पाडाव करावयाचा, ही जर्मन योजना होती. त्यामुळे जर्मनीला थांबणे परवडणारे नव्हते. १ ऑगस्ट रोजी कैसर विल्हेल्मच्या मनात आले की, सगळे सैन्य पूर्वेकडेच वळवावे. ते आता शक्य नाही, असे सेनापती मोल्टके याने त्याला सांगितले. सम्राटाच्या हुकमापेक्षा रेल्वेची आखणी बलवत्तर ठरली! ४ ऑगस्ट रोजी जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या; १८३९ च्या तहाने त्या देशाच्या तटस्थतेची हमी दिलेली होती. त्याच दिवशी ब्रिटन युद्धात उतरले.

दोष कोणाचा? फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने १९६१ साली मुख्य दोष आपल्याच देशाच्या सत्ताधाऱ्यांच्या माथी मारला. २०१२ साली ख्रिस्तोफर क्लार्क यांनी सगळेच राज्यकर्ते झोपेत चालावे तसे गर्तेकडे चालत गेले, असे प्रतिपादन केले. दोषाचे वाटे सारखे नसतील. पण 'मी थांबतो' असे म्हणण्याचे धैर्य एकाही दरबारात दिसले नाही, एवढे निश्चित.

त्याची किंमत मोजली खंदकातल्या माणसाने. सप्टेंबर १९१४ मध्ये मार्न नदीवर जर्मन मुसंडी अडवली गेली. मशीनगन व तोफा यांच्यापुढे उघड्या रानात उभे राहणे अशक्य झाले, तेव्हा सैनिकाने फावडे हाती घेतले. वर्षअखेर बेल्जियमच्या किनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर खंदकांची रांग उभी राहिली. एक गोळा पडला तर सबंध ओळ मरू नये म्हणून खंदक नागमोडी खणत. समोर काटेरी तारा, त्यापलीकडे निर्मनुष्य पट्टा आणि मग शत्रूचा खंदक. कित्येक ठिकाणी हे अंतर शे-दोनशे पावलांचेच असे.

फ्लँडर्सच्या सखल भूमीत थोडे खणले की पाणी लागे. दिवसेंदिवस ओल्या बुटांत राहून पाय सुजत, काळे पडत, कुजत. मग ते कापावे लागत. कपड्यांच्या शिवणीत उवा, प्रेतांवर पोसलेले उंदीर, अंगात उवांमुळे येणारा ताप. दिवसा डोके वर काढणे म्हणजे मृत्यू. म्हणून तारा दुरुस्त करणे, शिधा आणणे, मृतांना पुरणे ही सारी कामे रात्री चालत. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला आणि श्वास घेणेही धोक्याचे झाले. सततच्या भडिमाराने कित्येकांची वाचा गेली, हातपाय थरथरू लागले. अशांना प्रारंभी भित्रे ठरवले गेले.

हल्ले यशस्वी का होत नसत? बचाव करणाऱ्याची कुमक रेल्वेने येई. हल्ला करणारा खड्ड्याखळग्यांतून पायी जाई. तोफांनी टेलिफोनच्या तारा तुटत आणि पुढे काय झाले हे सेनापतीला कित्येक तास कळत नसे. १ जुलै १९१६ रोजी सोम नदीवर, आठवडाभराच्या भडिमारानंतरही पुष्कळ ठिकाणी काटेरी तारा शाबूत होत्या. त्या एका दिवसात ५७,४७० ब्रिटिश सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. त्यांपैकी १९,२४० मरण पावले.

या चिखलात आपलीही माणसे होती. १९१४ च्या शरदात लाहोर व मेरठ डिव्हिजन फ्रान्समध्ये उतरल्या आणि मार्च १९१५ मध्ये न्यू शापेल येथे लढल्या. मराठा पलटणींच्या वाट्याला मेसोपोटेमिया आला. पुणे डिव्हिजनमधील मराठा सैनिक कूत येथील वेढ्यात अडकले. उपासमारीने जर्जर झालेल्या त्या फौजेने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. पुढे तुर्कांच्या कैदेत हजारो मेले. साराजेव्होशी त्या शेतकऱ्याच्या पोराचे काय वैर होते?

दोन्ही बाजूंच्या खंदकांत एकच प्रभूची प्रार्थना म्हटली जात होती, हे या युद्धाचे सर्वांत मोठे दुःख. फ्रान्समध्ये धर्मगुरूंनाही सैन्यात जावे लागले. तेयार द शार्दँ हे येशूसंघीय जखमींना वाहून नेत. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९१४ च्या नाताळात तोफा थांबवण्याची विनवणी केली. राज्यकर्त्यांनी ती मानली नाही. तरीही त्या नाताळात काही ठिकाणी सामान्य सैनिक आपण होऊन खंदकाबाहेर आले आणि त्यांनी एकमेकांचे हात हाती घेतले. १ ऑगस्ट १९१७ रोजी पोपमहोदयांनी शांततेचा मसुदा पाठवला. फ्रेंचांतील कित्येकांना ते जर्मनधार्जिणे वाटले, जर्मनांना फ्रेंचधार्जिणे. मसुदा बाजूला पडला आणि युद्ध आणखी पंधरा महिने चालले. सुमारे ९० लाख सैनिक मेले.

व्हर्सायचा तह २८ जून १९१९ रोजी झाला. साराजेव्होच्या खुनाला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे पूर्ण झाली. त्यात पराभूतांना अपमान मिळाला, समेट नाही. वीस वर्षांतच युरोप पुन्हा पेटला. मात्र त्या पहिल्या युद्धात इटालियन सैन्यात सार्जंट म्हणून आणि नंतर धर्मगुरू म्हणून जखमींची सेवा केलेला बेर्गामोचा एक तरुण, आंजेलो रोंकाल्ली, पुढे पोप तेविसावे जॉन झाला. एप्रिल १९६३ मध्ये, मृत्यूपूर्वी काही आठवडे, त्यांनी पृथ्वीवरील शांततेविषयीचे परिपत्रक काढले आणि ते केवळ कॅथलिकांना नव्हे, तर सद्भावनेच्या सर्व माणसांना उद्देशून लिहिले. युद्ध म्हणजे काय, हे त्या लेखकाने दरबारात नव्हे, रुग्णालयातील खाटांजवळ पाहिले होते.