भुरी आणि केवडा : पानावरील बुरशीची ओळख, उपचार आणि शब्दांचा प्रवास

बागेत जपून वाढविलेल्या झाडाच्या पानावर एके दिवशी पांढरा थर दिसू लागतो. तो काय आहे, हा प्रश्न प्रथम माळ्याला पडतो. विद्वानाला तो बऱ्याच उशिरा पडतो. वनस्पतिरोगांच्या इतिहासात या दोघांच्या प्रश्नांची भाषा एक नव्हती, आणि या भाषाभेदाची किंमत मोठी होती. एकोणिसाव्या शतकात युरोपात द्राक्षवेलीवर आलेल्या दोन रोगांचा इतिहास या दृष्टीने तौलनिक अभ्यासकाने पाहावा असा आहे. त्यात रोग, उपचार आणि शब्द यांनी वेगवेगळ्या दिशांनी प्रवास केला आणि ते कित्येकदा एकमेकांना चुकले.

१८४५ मध्ये इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील मार्गेट येथे टकर नावाच्या माळ्याला काचगृहातील द्राक्षवेलीच्या पानांवर व घडांवर पिठासारखी भुकटी आढळली. पीच झाडावर येणाऱ्या रोगाशी तिचे साम्य त्याने ओळखले. पीचवरील त्या रोगासाठी गंधक वापरण्याची शिफारस १८२० च्या दशकातच इंग्रजी बागकामाच्या लेखनात आली होती. टकरने गंधक व चुना पाण्यात मिसळून वेलींवर मारले आणि वेली सुधारल्या. दोन वर्षांनी, १८४७ मध्ये, कवकशास्त्रज्ञ धर्मोपदेशक माइल्स जोसेफ बर्कली याने या बुरशीला ‘ओइडियम टकेरी’ हे नाव दिले. येथे एक विचित्र न्याय झाला. ज्याने रोगावर उपाय शोधला, त्याचे नाव रोगालाच जडले. पुढे तेही टिकले नाही. हीच बुरशी अमेरिकेत श्वाइनित्स याने १८३४ मध्येच वर्णिली होती, आणि त्याने योजलेले ‘नेकॅटर’, म्हणजे ‘मारेकरी’, हे विशेषण अग्रक्रमाच्या नियमाने अधिकृत ठरले. टकर आता केवळ जुन्या पर्यायी नावांच्या यादीत उरला आहे.

माळ्याने साम्यावरून ओळख केली, तर त्या काळातील विद्वानांचा वाद कारणाविषयी होता. बुरशी हे रोगाचे कारण, की आधीच सडू लागलेल्या झाडावर उगवणारे लक्षण? प्रबळ मत दुसऱ्या पक्षाचे होते. १८४५ मध्ये आयर्लंडमधील बटाट्यावर करपा आला, तेव्हा हा वाद पुस्तकी राहिला नाही. थंड व ओलसर हवेने झाडे पाण्याने फुगली व कुजली, असे जॉन लिंडली याचे म्हणणे होते. बर्कलीने १८४६ च्या लेखात बुरशीलाच कारण ठरविले, परंतु त्याचे मत अल्पमतात राहिले. दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. बर्कलीचे ऐकले असते तर ती वाचली असती, असे मात्र म्हणता येत नाही. कारण या रोगावर शेतात वापरता येईल असे औषध तेव्हा प्रचारात नव्हते. कारणाविषयीचा वाद जर्मनीत आंतोन द बारी याने १८५३ पासून केलेल्या संशोधनामुळे निकालात निघाला.

फ्रान्सचे माळी मात्र या निकालासाठी थांबले नाहीत, थांबणे त्यांना परवडणारेही नव्हते. १८५० मध्ये सुमारे साडेचार कोटी हेक्टोलिटर असलेले तेथील मद्याचे उत्पादन १८५४ मध्ये सव्वा कोटीच्याही खाली आले. व्हर्सायचा माळी ग्रिझाँ याने गंधक व चुना एकत्र उकळून एक द्रव तयार केला. दक्षिणेत आंरी मारेस याने कोरड्या गंधकाची भुकटी केव्हा व किती वेळा धुरळावी याचे वेळापत्रक बसविले. उत्पादन पुन्हा सावरले. दरम्यान रोगाला तोंड देतील या आशेने अमेरिकन वेली आणल्या जात होत्या. त्यांच्याबरोबर मुळे खाणारी फिलॉक्सेरा कीड आली. तिच्यावरील तोडगा म्हणून आणखी अमेरिकन खुंट आणले गेले, आणि १८७८ मध्ये प्लांशाँ याने फ्रान्समध्ये पानावरील दुसऱ्याच एका रोगाची नोंद केली.

हा दुसरा रोगही पांढराच होता, आणि येथेच ओळखीचा खरा पेच होता. पहिल्यात पांढरी भुकटी बहुधा पानाच्या वरच्या बाजूस असते आणि बोटाने पुसली जाते. दुसऱ्यात वरच्या बाजूस पिवळसर तेलकट डाग पडतात आणि त्यांच्या नेमक्या खाली, पानाच्या पाठीवर, पांढरी लव दिसते. पहिल्याला उबदार, दाट सावलीची हवा मानवते आणि भिजलेले पान लागत नाही; दुसऱ्याला पानावर पाण्याचा थर हवाच. पहिली बुरशी पानाच्या पृष्ठभागावर पसरते, म्हणून गंधक तिला गाठते. दुसरी पेशींमधून आत वाढते. तिच्यावर गंधक फारसे चालत नाही. पांढरे दिसले की गंधक, ही एका पिढीने कष्टाने मिळविलेली समजूत दुसऱ्या पिढीला अशा रीतीने घातक ठरू शकत होती.

या भेदासाठी प्रत्येक भाषेने निराळी व्यवस्था केली. इंग्रजीत ‘मिल्ड्यू’ हा शब्द दोन्हींना चालतो; भेद दाखवायचा तर ‘पावडरी’ किंवा ‘डाउनी’ असे विशेषण लावावे लागते. मुळात त्या शब्दाचा अर्थ मधासारखे दव असा, म्हणजे रोगाशी संबंध नसलेला, होता. फ्रेंचांनी पहिल्या रोगासाठी बर्कलीचे लॅटिन नाव उचलून ‘ओइडियम’ रूढ केले आणि दुसऱ्यासाठी इंग्रजी शब्द ‘मिल्दियू’ असा वळवून घेतला. इंग्रजीत संदिग्ध असलेला शब्द परक्या भाषेत जाऊन नेमका झाला. मराठीत या दोहोंना ‘भुरी’ व ‘केवडा’ अशी स्वतंत्र नावे आहेत. पहिले भुरकट रंगावरून आले आहे. दुसरे मात्र फसवे आहे. भेंडीच्या विषाणुजन्य पिवळेपणालाही शेतकरी केवडाच म्हणतो, आणि बाजरीवरील याच कुळातील रोगाला ‘गोसावी’ म्हणतो. लोकभाषा रंगरूप पाहून नाव देते, कुळ पाहून नव्हे. तरीही भुरी व केवडा वेगळे धरण्यात ती चुकली नाही. आजच्या वर्गीकरणानुसार भुरी ही खरी बुरशी आहे, तर केवड्याचा जीव शैवालांच्या अधिक जवळचा आहे.

केवड्यावरील उपाय चोरांच्या भीतीतून निघाला. बोर्डोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुन्याचे निळसर मिश्रण शिंपडण्याची पद्धत होती, जेणेकरून वाटसरूंनी द्राक्षे विषारी समजून तोडू नयेत. १८८२ च्या शरदात प्राध्यापक मिलार्दे यास तेवढ्याच वेलींची पाने शाबूत दिसली. रसायनज्ञ गायाँ व मळ्याचा व्यवस्थापक एर्नेस्त दाविद यांच्या साहाय्याने त्याने प्रयोग केले आणि १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध केली. तांब्याचा गुण तोवर अज्ञात होता असे नव्हे. बेनेडिक्ट प्रेव्हो याने १८०७ मध्येच, तांब्याच्या भांड्यातील पाण्यात गव्हाच्या काणीचे बीजाणू रुजत नाहीत हे पाहून, कारण व उपाय दोन्ही मांडले होते. पण रोग बुरशीने होतो हेच मान्य नसल्यामुळे ती नोंद अर्धशतक बाजूला पडून राहिली. तांबे आत शिरलेली बुरशी मारीत नाही, बीजाणूला रुजू देत नाही. म्हणून फवारणी डाग दिसण्यापूर्वी व्हावी लागते.

हे मिश्रण भारतात आले तेव्हा त्याची गाठ निराळ्याच झाडाशी पडली. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन याने १९१० च्या सुमारास सुपारीच्या कोळेरोगाचा अभ्यास करून पोफळीवर पावसाळ्यापूर्वी हे मिश्रण फवारण्याचा सल्ला दिला. ‘कोळे’ म्हणजे कन्नडमध्ये कुजणे. कोकणातील मराठी बागायतदाराने हा कन्नड शब्द आणि फ्रेंच शहराचे नाव दोन्ही घेतले. ‘कोळेरोगाला बोर्डो’ हे वाक्य तीन भाषांचे आहे, हे बोलणाऱ्याच्या ध्यानीही नसते. नाशिककडील द्राक्षबागेतही तोच शब्द चालतो. मिलार्देच्या मूळ कृतीत शंभर लिटर पाण्याला आठ किलो मोरचूद आणि त्यात पंधरा किलो चुन्याची निवळी होती. आज एक टक्क्याच्या मिश्रणाला शंभर लिटरमागे एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना पुरतो. दोन्ही वेगवेगळे विरघळवून, धातूचे नसलेल्या भांड्यात एकत्र करतात. मग लोखंडी पाते त्यात बुडवून पाहतात. त्यावर तांबूस थर चढला तर चुना आणखी घालतात.