पहिले पुस्तक आणि परका हात

नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी अनेकांच्या ट्रंकेत एखादे हस्तलिखित जपून ठेवलेले असते. कोणाच्या कविता, कोणाच्या मुलुखगिरीच्या आठवणी. निवृत्ती जवळ आली की प्रश्न पडतो : हे लिखाण एखाद्या जाणत्याकडून नीट करून घ्यावे, की पदरमोड करून जसेच्या तसे छापून टाकावे? प्रश्न आजचा वाटतो. परंतु मराठी ग्रंथांच्या इतिहासात तो फार जुना आहे, आणि त्याची उत्तरेही तेथेच पाहावयास मिळतात.

कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे गेले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. झांशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पुढे 1883 च्या सुमारास त्यांनी ही हकिगत लिहून काढली. सरकारची धास्ती होती. म्हणून ती लेखकाच्या मृत्यूनंतर, 1907 साली, 'माझा प्रवास' या नावाने बाहेर आली. संपादक होते चिंतामणराव वैद्य, म्हणजे ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीशपद भूषविलेले, आपल्यासारखेच परमुलुखात चाकरी केलेले गृहस्थ. वैद्यांनी भाषा सफाईदार केली, काही मजकूर गाळला, काही पदरचा घातला. त्यांचे उपकार मोठे. त्यांच्यावाचून भटजींची वही बहुधा वाळवीने खाल्ली असती. तरीही भटजींची खरी बोली वाचकांस भेटावयास 1966 साल उजाडावे लागले. त्या वर्षी दत्तो वामन पोतदारांनी मूळ प्रत प्रसिद्ध केली. हे शक्य झाले ते एवढ्याचसाठी की, वैद्यांनी मूळ मोडी हस्तलिखित फेकून न देता भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले होते.

दुसरा मार्ग जोतीराव फुल्यांचा. 1855 साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे धाडले. जाणत्यांच्या त्या पंक्तीत त्यास थारा मिळाला नाही, आणि ते प्रथम छापले गेले थेट 1979 साली. परंतु जोतीराव हात जोडून बसले नाहीत. 1869 साली शिवाजीराजांचा पवाडा आणि 1873 साली 'गुलामगिरी' त्यांनी कोणाच्या पसंतीची वाट न पाहता लोकांसमोर ठेवली. नाटकाच्या त्या नकाराची हकिगतही 'गुलामगिरी'त नोंदवून ठेवली. परीक्षकांनाच जे सांगणे रुचणार नाही, ते त्यांच्या हातून सुधारून घेण्यात अर्थ नसतो.

तिसरी गोष्ट चुटपुट लावणारी. केशवसुत 1905 साली गेले. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. हरिभाऊ आपट्यांनी तो 1917 साली काढला. कवीच्या भाग्याने मित्र चांगला लाभला; पण स्वतःचे पुस्तक हाती घेण्याचे सुख कवीस लाभले नाही.

या तिन्हींवरून आम्ही जो बोध घेतो तो साधा आहे. परक्या नजरेची गरज बहुतेकांस असते. आमच्याच पहिल्या पुस्तकाच्या वेळी ती आम्ही टाळली, आणि शुद्धिपत्र पुस्तकाच्या मानाने जाडच झाले. आज संगणकामुळे पन्नास-शंभर प्रतीही छापून मिळतात, तेव्हा छपाई ही अडचण उरलेली नाही. अडचण आहे ती मजकुरावर शेवटचा शब्द कोणाचा, ही. म्हणून मदत घ्यावी, मोबदलाही द्यावा. मात्र प्रत्येक फेरफार आपल्यास दाखवूनच व्हावा, अशी अट आधी घालावी. सरकारी दप्तरात आपण मसुदा आणि अंतिम प्रत दोन्ही जपतो. तोच शिरस्ता येथेही पाळावा. आपली अडखळती मूळ वही कपाटात राहू द्यावी. न जाणो, पुढेमागे एखाद्या पोतदारांस तीच हवी असेल.

मात्र ट्रंक उघडण्यास फार उशीर करू नये.