नर्मदेच्या मुलखातील कवट्या

जबलपूर शहराच्या वस्तीतून वाहत जाणारा ओमती नाला आणि त्याच्याच नावाचा गजबजलेला भाग यांचा मानवी बुद्धीच्या इतिहासाशी काही संबंध असेल, असे तेथील बाजारात रोज ये-जा करणाऱ्यालाही सहसा सुचणार नाही. परंतु ओमतीपासून फार दूर नसलेल्या बडा शिमला टेकडीचे खडक, येथील ठगी खात्याचे दफ्तर आणि येथूनच पुढे पश्चिमेला वाहत जाणाऱ्या नर्मदेच्या तीरावरील गाळ, या तिन्ही ठिकाणी मेंदूच्या आकारमानाचा प्रश्न निरनिराळ्या रूपांनी उपस्थित झाला आहे, आणि त्यांपैकी एका रूपाची कथा तर विलक्षण क्लेशकारक आहे.

मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. 1781 साली सागरच्या मराठी अंमलदारांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य आपल्या ताब्यात घेतले, 1798 मध्ये पेशव्यांनी नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांना दिले, आणि 1817 च्या डिसेंबरात झालेल्या लढाईनंतर जबलपुरावर इंग्रजांचे निशाण चढले. त्या नव्या अंमलात येथे आलेला कॅप्टन स्लीमन हा तीक्ष्ण जिज्ञासेचा मनुष्य होता. 1828 मध्ये त्याला या परिसरात काही प्रचंड जीवाश्म अस्थी सापडल्या, ज्यांवरून पुढे 1877 साली पुराजीवशास्त्रज्ञ लिडेकरने ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव योजले. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅटली या भूवैज्ञानिकाने त्याच बडा शिमला टेकडीतून डायनोसॉरांच्या मस्तकांचे अवशेषही बाहेर काढले. हत्तीला लाजवील अशा देहाच्या त्या शाकाहारी प्राण्यांची मेंदूची पोकळी मुठीत मावावी इतकी लहान असे. देहाच्या मानाने मेंदू किती, हे पाहिल्यावाचून नुसत्या आकाराला अर्थ नाही, हा शास्त्राचा पहिला धडा जबलपूरच्या मातीतच पुरलेला होता.

परंतु स्लीमनच्या काळातील विद्वानांचे लक्ष दुसऱ्याच कवट्यांकडे लागले होते. व्हिएन्नाच्या गॉलने प्रवर्तित केलेल्या मस्तकशास्त्राचा तेव्हा युरोपात मोठा बोलबाला होता: मेंदूचा प्रत्येक भाग म्हणजे एकेका प्रवृत्तीचे इंद्रिय, आणि ज्या प्रवृत्तीचे इंद्रिय मोठे तिचा उंचवटा कवटीवर हाताला लागणार, असे त्याचे प्रतिपादन होते. स्लीमनने ठगांच्या टोळ्या धरून, माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या नोंदवून खटले उभे केले, आणि सागरास अनेकांना फाशी झाली. तेथील सर्जन हेन्री स्प्राय याने फाशी गेलेल्यांपैकी सात जणांची शिरे मिळविली, आणि ती कलकत्त्याचा मुख्य सचिव स्विंटन याच्या मार्फत एडिंबरोच्या मस्तकशास्त्र-मंडळाकडे रवाना झाली. ज्यांच्या देहांना चितेचा वा कबरीचा अधिकार होता, त्यांची मस्तके त्यांच्या आप्तांना न विचारता समुद्रापार जावीत, याला शास्त्रीय जिज्ञासा हे नाव देऊन भागत नाही. गुन्हेगाराला शिक्षा देण्याचा अधिकार सरकारला असेल. त्याच्या प्रेतावरचा हक्क त्या अधिकारात येत नाही.

आणि निष्कर्ष काय निघाला? 1834 च्या सुमारास रॉबर्ट कॉक्सने या कवट्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. शेकडो प्रवाशांच्या गळ्याला फास लावणाऱ्यांच्या डोक्यावर ‘विध्वंसवृत्ती’चा उंचवटा प्रचंड असावा अशी अपेक्षा होती; प्रत्यक्षात तो ठळकपणे आढळला नाही. तेव्हा द्रव्यलोभ, दयेच्या इंद्रियाची न्यूनता, लहानपणापासूनची संगत आणि परंपरा अशी कारणे पुढे करण्यात आली. यांतील संगत आणि परंपरा ही कारणे खरोखर विचारार्ह होती; पण ती कवटी न मोजताही सांगता आली असती. त्या सात कवट्या पुढे त्या मंडळाच्या संग्रहासह एडिंबरो विद्यापीठाच्या शरीररचना-संग्रहालयात गेल्या.

उंचवटे मागे पडले, तेव्हा घनफळ पुढे आले. अमेरिकेत सॅम्युएल मॉर्टनने कवट्यांत बी-बियाणे, पुढे शिशाचे छर्रे भरून त्यांचे घनफळ काढले आणि 1839 च्या आपल्या ग्रंथात मानववंशांची उतरंड मांडली. तीत गोऱ्या वंशाची सरासरी 87 घनइंच आणि आफ्रिकी वंशाची 78, म्हणजे वरच्या आणि खालच्या पायरीत सुमारे 150 घनसेंटिमीटरांचे अंतर होते. गोऱ्यांच्या गटात आपण हिंदूंच्या तीनच कवट्या घेतल्या, कारण त्या फार लहान असतात, हे त्याने स्वतःच नमूद करून ठेवले आहे. सरासरी खाली ओढणारा पुरावा आधीच गाळावयाचा आणि उरलेल्यावर उतरंड रचावयाची, ही न्यायाची रीत नव्हे.

या विचारसरणीला तिच्याच घरात जाऊन उत्तर देण्याचे काम एका मराठी स्त्रीने केले, याचा अभिमान मला लपवावासा वाटत नाही. धोंडो केशव कर्वे यांची सून इरावतीबाई 1928 साली बर्लिनला गेल्या आणि मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर याच्या हाताखाली मानवी कवटीच्या विषमांगतेवर प्रबंध लिहू लागल्या. युरोपियनांच्या कवटीचा उजवा भाग अधिक विकसित असतो व त्यातच त्यांच्या तर्कबुद्धीचे श्रेष्ठत्व आहे, अशी फिशरची धारणा होती. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या, आणि वंश व विषमांगता यांचा असा काही संबंध दिसत नाही असे गुरूच्या मताविरुद्ध लिहून दिले. परक्या देशात, पदवी ज्याच्या हाती त्याच्यासमोर, पंचविशीच्या आतबाहेरच्या विद्यार्थिनीने आकड्यांशी प्रामाणिक राहणे किती कठीण असते, हे विद्यापीठांचा अनुभव असलेल्यांना सांगावयास नको.

मेंदू वाढला हे मात्र खरे, आणि उतरंडीच्या रागाने ते नाकारण्याचे कारण नाही. तीसेक लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतील ऑस्ट्रॅलोपिथेकसची कवटी 450 घनसेंटिमीटरांच्या आसपास होती. आजच्या माणसाची सरासरी 1350 आहे. देहाच्या वजनाचा सुमारे 2 टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा खातो. एवढा खर्चिक अवयव लाभावाचून टिकला नसता. पण निअँडरथल माणसाचा मेंदू आपल्याहून कमी नव्हता, उलट जराशा मोठ्या सरासरीचा होता. आणि इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावरच्या बुटक्या मानवाची कवटी सुमारे 400 घनसेंटिमीटरांची असूनही त्याच्या अवशेषांजवळ दगडी हत्यारे सापडली. जिवंत माणसांत आकार आणि बुद्धिमापनाचे गुण यांचा संबंध आढळतो, पण तो दुर्बळ आहे. पुरुषांचा मेंदू सरासरीने स्त्रियांहून दहाएक टक्क्यांनी मोठा असतो, तरी सरासरी बुद्धीत तसा फरक आढळत नाही. पेशींची मांडणी, त्यांची जोडणी आणि पिढ्यान्‌पिढ्या साठत गेलेले शिक्षण यांचा हिशेब घनफळात येत नाही.

याची साक्षही पुन्हा नर्मदाच देते. जबलपूरहून बरेच खाली, सिहोर जिल्ह्यातील हथनोरा गावापाशी 5 डिसेंबर 1982 रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना गाळात रुतलेले एक मानवी शीर्षकवच सापडले. उजवी बाजू बहुतांशी शाबूत, डावी तुटलेली. सोनकियांनी त्याला ‘होमो इरेक्टस’मध्ये घातले, केनेडी आदी अभ्यासकांनी पुढे ते प्राचीन ‘होमो सेपियन्स’चे ठरविले. पुनर्रचना करताना त्याचे घनफळ 1155 पासून 1421 घनसेंटिमीटरांपर्यंत अंदाजले गेले. एकाच कवटीच्या दोन अंदाजांत 266 घनसेंटिमीटरांची तफावत पडते. मॉर्टनने ज्या अंतरावर समग्र मानवजातीच्या पायऱ्या बांधल्या, त्याहून ही अधिक आहे.

तसे दुसरे शीर्षकवच या खोऱ्यात अद्याप हाती लागलेले नाही. त्याच थरांत हातकुऱ्हाडी मिळतात, म्हणजे ती हत्यारे घडविणारे हात येथे वावरत होते. पण नदीकाठची वाळू आज डंपर भरभरून उचलली जात आहे, आणि थर एकदा विस्कटला की त्यातील अस्थीचा काळ ठरविण्याचा आधारच नाहीसा होतो. सर्वेक्षण खात्याने व मध्य प्रदेश सरकारने नर्मदेचे जीवाश्मधारी थर नकाशावर आखून घेऊन तेथील उपसा बंद करावा, आणि तो पावसाळ्यापूर्वीच करावा.