झडपेची दुरुस्ती निकामी झाली तर? छाती न उघडता बसवता येते नवी झडप. मात्र जुनी फाईल हवी

लहानपणी सांधे सुजून ताप आला आणि पुढे काही वर्षांनी हृदयाची झडप खराब निघाली, असे रुग्ण खेड्यापाड्यात आजही सापडतात. यात बहुतेक वेळा हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप बिघडते. ऑपरेशनमध्ये ती दुरुस्त करून भोवती रिंग शिवतात. पण काही जणांची झडप काही वर्षांनी पुन्हा गळते किंवा आकसते. मग चढावर दम लागतो, पाय सुजतात, रात्री दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही.

दुसऱ्यांदा छाती उघडणं जास्त जोखमीचं असतं. वय झालेल्या किंवा किडनी, फुप्फुस कमजोर असलेल्या रुग्णांसाठी नळीवाटे झडप बसवण्याचा पर्याय आहे. २००२ मध्ये फ्रान्समध्ये डॉ. अलँ क्रिबिए यांनी एओर्टिक झडप पहिल्यांदा अशी बसवली. तीच पद्धत पुढे मायट्रलसाठीही वापरात आली.

जांघेतल्या शिरेतून नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यात नेतात. मधल्या पडद्याला छोटं छिद्र पाडून ती डावीकडे जाते. घडी केलेली नवी झडप जुन्या रिंगच्या आत फुग्याने फुलवतात आणि रिंगच तिला धरून ठेवते. हृदय बंद करावं लागत नाही. झडप जनावराच्या हृदयावरच्या पातळ आवरणापासून बनवलेली असते, त्यामुळे तीही कधीतरी झिजते. म्हणूनच तरुण, धडधाकट रुग्णाला डॉक्टर बऱ्याचदा पुन्हा ऑपरेशनच सुचवतात.

सगळ्यांनाच हे जमतं असंही नाही. नव्या झडपेमुळे हृदयातून रक्त बाहेर पडायची वाट अडू शकते. हा यातला मोठा धोका. पूर्ण गोल रिंग असेल तर झडप नीट बसण्याची शक्यता जास्त. अर्धवट किंवा फार कडक रिंग असेल तर बाजूने गळती राहू शकते. त्यासाठी आधी सीटी स्कॅन करतात.

इथेच जुनी फाईल कामाला येते. रिंग कोणत्या कंपनीची, किती नंबरची, हे ऑपरेशनच्या कागदावर किंवा चिकटवलेल्या स्टिकरवर असतं. कागद भिजले, हरवले असतील तर ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात नोंद मागावी. सापडलेल्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवलेला बरा.

खर्च लाखांत जातो, नवी झडपच महाग असते. योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच विचारावं.

नंतर रक्त पातळ करणारी गोळी निदान काही महिने चालते. ती मनाने बंद करू नये. दात काढायचा असेल तर दातांच्या डॉक्टरला झडपेचं आधी सांगावं. पेनिसिलिनचं तीन आठवड्यांचं इंजेक्शन चालू असेल, तर तेही हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये.