नादारीपासून सेकेरपर्यंत : आमच्या मुलांचे शिक्षण

आपल्या बेने इस्राएल समाजाचा इतिहास लिहिताना बहुतेक लेखक नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतापासून सुरुवात करतात आणि मशिदींच्या स्थापनेची साले देत देत मुंबईस येऊन पोहोचतात. शाळेचा इतिहास त्यात दोन ओळींत आटोपतो. वास्तविक आपल्या घरांचे जे काही बरेवाईट झाले ते शाळेच्या फीवर जितके अवलंबून होते, तितके दुसऱ्या कशावर क्वचितच असेल. आम्ही जन्मभर परिचारिकेचे काम केले, आधी मुंबईत व मग इस्राएलात. खाटेवर पडलेला माणूस आपली सारी कुळकथा सांगतो. त्या कथेत "पुढे शिकता आले नाही" हे वाक्य आम्ही मराठीत आणि हिब्रूत इतक्या वेळा ऐकले, की त्याचा थोडा मागोवा घ्यावासा वाटला.

कोकणात आपली वस्ती विखुरलेली. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, मुरूड, म्हसळा, आणि त्यांच्या आसपासच्या गावांतून एकेक दोनदोन घरे. धंदा तेलाचा. घाण्याचा बैल हाकायला पोरगेच लागे, आणि ज्या घरी बैलामागे मुलगा बसे त्या घरी पाटी कोरडीच राही. गावात मराठी शाळा असली तर चार इयत्ता होत. पुढे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल दिली की मास्तरकी किंवा एखादी लहानशी नोकरी मिळे. इंग्रजी शाळेसाठी तालुक्याला राहावे लागे, नाहीतर मुंबईस. ज्याचा मामा किंवा काका मुंबईत खोली करून राहिला होता तो मुलगा शिकला. ज्याचे कोणी नव्हते तो राहिला. बुद्धीचा येथे काही संबंध नव्हता, नातेवाइकाच्या खोलीत अंथरूण पसरण्याइतकी जागा आहे की नाही एवढाच प्रश्न होता.

मुंबईत आधी मिशनऱ्यांच्या शाळा होत्या. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईस आले व त्यांनी शाळा काढल्या. डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये आले. त्यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले आणि आपली पुष्कळ मुले त्यांच्या शाळांतून शिकली. धर्म सोडण्याची भीती आईबापांना होतीच, तरी फुकट शाळा कोण सोडतो? आपल्या लोकांनी अक्षर घेतले आणि धर्म ठेवला. मिशनऱ्यांच्या पदरी फार थोडे पडले. ती त्यांची निराशा आणि आपला फायदा, असे आम्हांला वाटते. त्या पिढीतून जोसेफ एझिकेल राजपूरकरांसारखे हिब्रूचे पंडित निघाले, ज्यांनी प्रार्थनेची पुस्तके मराठीत आणली.

स्वतःची शाळा मात्र १८७५ साली झाली. हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांचे साथीदार यांनी मुंबईत इस्राएलाइट स्कूल काढले. केहिमकरांना लोक समाजाचे इतिहासकार म्हणून ओळखतात. त्यांचा ग्रंथ १८९७ साली लिहून झाला होता आणि १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. पण आमच्या मते त्यांचे मोठे काम ही शाळा होय. विलायतेतील अँग्लो-ज्यूइश असोसिएशनकडून तिला मदत येई, आणि १९३० च्या दशकात सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर माझगावच्या या शाळेला त्यांचे नाव मिळाले.

या शाळेचा गुण समजण्यासाठी शनिवारची गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. इतर शाळा शनिवारी सकाळी भरत. आपले मूल तेथे गेले तर शब्बाथ मोडे, न गेले तर गैरहजेरी लागे, आणि परीक्षा शनिवारी आली तर काय करायचे हे घरोघरी वादाचे कारण होई. आपली शाळा शनिवारी बंद असे, एवढ्याने कितीतरी मुले टिकली. दुसरी गोष्ट नादारीची. गरीब मुलाला फी माफ करणे याला आपण नादारी म्हणत असू, आणि हा शब्द उच्चारताना मुलाची मान खाली जाई. आपल्या शाळेत अर्धा वर्गच नादारीवर असला तर लाज कोणाची कोणाला वाटणार? पुढे सरकारची ई. बी. सी. सवलत आली, बाराशे रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांना फी माफ झाली, आणि आमच्या वेळी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडिलांबरोबर रांगेत उभे राहणे हा जूनमधला नेहमीचा कार्यक्रम होता.

मुलींविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ते आम्ही जवळून पाहिले. डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव आपल्या घराघरांत माहीत आहे. त्या विलायतेस गेल्या, १९१९ साली लंडनची एम. डी. झाल्या, १९२८ पासून १९४७ पर्यंत कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या, १९६६ साली पद्मश्री झाल्या. त्यांच्या शिक्षणालाही कर्ज आणि शिष्यवृत्ती लागली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्यांचे उदाहरण देऊन आमच्या मागच्या पिढीला "डॉक्टर व्हा" असे सांगत. प्रत्यक्षात आम्ही मुली नर्स झालो, याचे कारण सरळ आहे. मेडिकल कॉलेजला पैसे भरावे लागत, आणि नर्सिंगला उलट दरमहा विद्यावेतन मिळे, राहायला होस्टेल व जेवण मिळे. घरचे एक तोंड कमी होऊन शिवाय चार रुपये घरी येत. सेवाभावाची भाषणे नंतर ऐकली. आधी हिशेब झाला होता.

आता इस्राएलकडे वळू. राज्य स्थापन झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९४९ मध्ये, सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. पाच ते तेरा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची आणि मोफत. आठवीनंतर मात्र माध्यमिक शाळेला फी होती. बापाच्या मिळकतीप्रमाणे ती कमीजास्त होई, तरी दिमोना किंवा किर्यात गत येथील कापडगिरणीत नाहीतर बांधकामावर राबणाऱ्या, पाच-सहा मुलांच्या बापाला ती जड जाई. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून आठवीच्या शेवटी देशभर एक परीक्षा होऊ लागली. तिला सेकेर म्हणत. पुढे कोणत्या शाळेत जावे आणि फीला सरकारी मदत किती मिळावी हे तिच्या गुणांवर ठरे. आशिया-आफ्रिकेतून आलेल्या घरची मुले मोठ्या प्रमाणावर मागे पडतात असे दिसल्यावर त्यांच्यासाठी गुणांची खालची पट्टी ठेवली, तिचे नाव नॉर्मा बेत. हेतू चांगला होता. पण प्रश्नपत्रिका हिब्रूत, मुलाच्या घरी भाषा मराठी, आणि अभ्यास घेणारी आई स्वतः उल्पानच्या पहिल्या पुस्तकात अडलेली. परीक्षेने गणित किती तपासले आणि आईची हिब्रू किती तपासली, हे कोणी वेगळे काढले नाही.

१९६० च्या दशकात तेउने तिपुआख हा शब्द रूढ झाला. त्यासाठी तीन गोष्टी पाहत : बापाचा जन्म कोठला, बापाचे शिक्षण किती, घरात मुले किती. आमच्या शेजारच्या घरातले वडील मुंबईस रेल्वेत कारकून होते, मॅट्रिक झालेले, इंग्रजी वर्तमानपत्र रोज वाचणारे. त्यांच्या मुलाच्या पानावर पहिल्या रकान्यात आशिया लिहिले गेले, आणि बाकीचा माणूस त्या रकान्यात मावला नाही. या वर्गीकरणामुळे शाळांना जादा तास व जादा शिक्षक मिळाले, हेही खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे.

१९६८ साली क्नेसेतने शाळांची फेररचना मंजूर केली. निरनिराळ्या वस्त्यांतील मुले मधल्या शाळेत, खतिवात बेनाइममध्ये, एकत्र यावीत असा विचार होता. एका दारातून सगळी आत गेली, आणि आत गेल्यावर गणित व इंग्रजीसाठी हकबत्सा अलेफ, बेत, गिमेल अशी पुन्हा वेगळी बसली. त्यापुढे धंदेशिक्षणाच्या शाळा. तेथेही तीन वाटा होत्या. मस्मातवाला बगरूतपर्यंत जाऊ शके, मस्मारवाल्याला हातात हत्यार मिळे पण विद्यापीठाचे दार सहसा बंद. हातकामाला आम्ही कमी लेखत नाही, आपण तेली लोक. मात्र चौदाव्या वर्षी कोण कुठे बसणार हे ठरवताना आपल्या मुलांची नावे तिसऱ्या वाटेवर फार सहज लिहिली गेली, आणि आईबापांना त्या तीन शब्दांतला फरक कोणी समजावून सांगितला नाही. "मुलगा शाळेत जातो" यातच ते समाधानी होते.

१९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांनी लग्नाच्या हक्कासाठी जेरुसलेमला ठाण मांडले आणि तो हक्क मिळवला. शाळेसाठी आपण तसे बसल्याचे आमच्या ऐकिवात नाही. १९७१ साली ब्लॅक पँथर्स म्हणवणारे मोरोक्कन तरुण रस्त्यावर आले तेव्हा सरकारने हलाखीतल्या मुलांसाठी समिती नेमली. आपल्यातील पुष्कळांनी त्या तरुणांना उडाणटप्पू म्हटले, पण त्यांच्या ओरड्याचा लाभ आपल्याही मुलांना झाला. सेकेर परीक्षा त्याच सुमारास गेली. १९७८ साली माध्यमिक शिक्षण बारावीपर्यंत मोफत झाले.

त्या सालाच्या आधी ज्यांची शाळा सुटली त्यांचे काय झाले, हे आम्ही आल्यावर दक्षिणेतील वॉर्डात पाहिले. आमच्याबरोबर काम करणाऱ्या आपल्याच मुली होत्या, लहानपणी येथे आलेल्या, हिब्रू आमच्यापेक्षा शंभरपट चांगली. पण बगरूत नाही म्हणून त्या अखोत मआसित, आणि मुंबईचे प्रमाणपत्र हाती असल्यामुळे परवाना मिळवून आम्ही मुस्मेखेत. रात्रपाळी तीच, सलाईन तीच, पगार निराळा. रोग्याशी बोलताना आमचे अडले की त्याच येऊन सोडवीत. त्यांतल्या तिघींनी पुढे रात्रीच्या वर्गाला नाव घातले. एकीचा मुलगा त्या वर्षी बारावीत होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघांची गणिताची वह्या-पुस्तके एकत्र पडलेली असत, आणि अडले की मुलगा आईला शिकवी. तिने चाळिसाव्या वर्षी बगरूत दिली, नंतर रूपांतराचा अभ्यासक्रम केला, आणि निवृत्तीपूर्वी नऊ वर्षे ती आमच्या वॉर्डची मुख्य परिचारिका होती.